अर्धा वर्ग खाली जायचा

तिसरीत आठवड्यातून दोनदा आमच्या वर्गाचे दोन भाग व्हायचे. ख्रिस्ती मुलं वह्या घेऊन खालच्या हॉलमध्ये ‘कॅटेकिझम’ला जायची आणि उरलेल्या आम्हाला बाई मूल्यशिक्षण शिकवायच्या. मूल्यशिक्षण म्हणजे खरं बोलावं, पाणी वाया घालवू नये, आणि बहुतेक वेळा ‘आता गुपचूप चित्र काढा’. शाळा वसईकडची, मराठी माध्यमाची, सिस्टर लोकांनी चालवलेली. वर्गाचे असे दोन भाग का होतात, हे खूप नंतर कळलं. संविधानाच्या कलम २८ प्रमाणे मान्यता किंवा अनुदान असलेल्या शाळेत धर्मशिक्षण देता येतं, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्या तासाला बसवता येत नाही. मला तेव्हा एवढंच वाटायचं की खाली काहीतरी भारी चाललंय आणि आपण कमळ काढत बसलोय.

माझ्या बाकावरचा मित्र कुपारी घरातला. त्या वर्षी त्याचं पहिलं कम्युनियन होतं. त्याआधी प्रश्नोत्तरांची एक पातळ पुस्तिका पाठ करायची होती. मधल्या सुट्टीत मी प्रश्न विचारायचो, तो उत्तरं द्यायचा. वर्ष संपेपर्यंत सातही संस्कार मलासुद्धा ओळीने म्हणता यायला लागले. अडचण पापनिवेदनाची होती. पहिल्या कम्युनियनआधी फादरांसमोर पहिल्यांदा पापं सांगायची असतात. त्याला पापं सुचेनात. शेवटी त्याने माझी दोन उसनी घेतली.

ही प्रश्नोत्तरांची पद्धत कुठून आली, हे शोधायला मी गेल्या वर्षी बसलो आणि थेट सोळाव्या शतकात जाऊन पडलो.

फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ला गोव्यात उतरला. हातात घंटी घेऊन तो रस्त्यांतून फिरायचा, मुलं गोळा करायचा आणि त्यांना देवळात नेऊन प्रार्थना शिकवायचा. प्रार्थना चालीवर म्हणून घ्यायचा, म्हणजे त्या डोक्यात बसतात. पुढे तो तमिळ किनाऱ्यावरच्या मोती काढणाऱ्या परवांच्या गावांत गेला. भाषा येत नव्हती, म्हणून दोन्ही भाषा थोड्याफार येणाऱ्यांना हाताशी धरून त्याने प्रार्थनांचं तमिळ करून घेतलं आणि स्वतः पाठ केलं. शिकलेल्या मुलांनी घरी जाऊन आईबापांना शिकवावं, अशी त्याची योजना होती.

इथपर्यंत वाचताना माणूस आवडतो. पण १५४४च्या पत्रात तो आणखी एक गोष्ट कौतुकाने लिहितो. घरात कुणी मूर्तिपूजा करताना दिसलं की मुलं आईबापांनाच बोल लावतात, आणि येऊन त्याला सांगतात. हे वाचून मी लॅपटॉप मिटवला होता. आठ-दहा वर्षांच्या पोराला आईबापांवर नजर ठेवायला लावणं म्हणजे शिकवणं नव्हे, आणि तो काळच वेगळा होता असं म्हणून ते सोडून देणंही मला जमत नाही. धर्मशिक्षणाच्या तासाचा इतिहास सांगायचा तर ही बाजूही सांगायला लागते.

मला जास्त गुंतवलं ते थॉमस स्टीफन्सने. हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९मध्ये मरेपर्यंत बहुतेक काळ साष्टीत राहिला. आपण त्याला ‘ख्रिस्तपुराणा’मुळे ओळखतो. १६१६ साली छापलेलं, जवळपास अकरा हजार ओव्यांचं मराठी पुराण, आणि छपाई मात्र रोमन लिपीत. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं काढून घेतली होती. त्या रिकाम्या जागेत काहीतरी द्यायला हवं, हे स्टीफन्सला कळलं होतं. म्हणून स्वर्गाला त्याने सरळ वैकुंठ म्हटलं.

पण त्याचं दुसरं पुस्तक आपल्या बोलण्यात फारसं येत नाही. ‘दौत्रीन क्रिस्तां’ हे त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली रायतूरला छापलं गेलं. हे मराठीत नाही, कोंकणीत आहे. मोठ्यांसाठी ओव्यांची ग्रांथिक मराठी, आणि धर्माचे पहिले धडे गिरवायला घरात बोलली जाणारी भाषा. चारशे वर्षांपूर्वी एका परदेशी माणसाला हा फरक कळला होता. आपल्या पाठ्यपुस्तकांना तो अजून कळायचाय, पण ते असो.

‘दौत्रीन’ला आधार होता मार्कोस जॉर्ज या पोर्तुगीज जेझुइटाच्या पुस्तकाचा. ते मुलांसाठीच लिहिलं होतं, गुरू-शिष्य संवादाच्या रूपात. गुरू विचारतो, मूल उत्तर देतं. माझी आणि मित्राची मधली सुट्टी इथून सुरू होते. त्याच पुस्तकावरून १५९०च्या दशकात जपानमध्येही एक पुस्तक तयार झालं, पण तिथे अदलाबदल केली: शिष्य विचारतो आणि गुरू उत्तर देतो. मला ही जपानी आवृत्ती जास्त प्रामाणिक वाटते. आठ वर्षांच्या मुलाकडे उत्तरं कमी आणि प्रश्नच जास्त असतात.

गोव्यात चर्चला जोडून पॅरिश शाळा होत्या. तिथे धर्माबरोबर मेस्त संगीत शिकवायचा. स्वरलेखन वाचणं, व्हायोलिन, कोरसात गाणं. त्या परंपरेतले गोंयकार पुढे मुंबईच्या फिल्म स्टुडिओंत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा ही नावं जुन्या गाण्यांच्या वाद्यवृंदामागे आहेत. आपण ऐकलेली कितीतरी गाणी अशी या तासातून आलेली आहेत.

१६८४मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने फर्मान काढलं: लोकांनी तीन वर्षांत कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागावं आणि धर्मशिक्षणही पोर्तुगीजमध्येच व्हावं. म्हणजे ‘दौत्रीन’ छापून झाल्यावर बासष्ट वर्षांत. कोंकणी अर्थातच मेली नाही. उलट तिने पोर्तुगीज शब्द चावून आपलेसे केले. कन्फेशनला गोव्यात आजही ‘कुमसार’ म्हणतात आणि चर्चला ‘इगर्ज’.

वयाची गोष्ट मात्र अलीकडची आहे. १२१५च्या लॅटरन परिषदेने ‘समज आल्यावर’ एवढंच म्हटलं होतं. समज कधी येते यावर वाद होत राहिले, आणि बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा, कधी चौदा वर्षांपर्यंत थांबवलं जायचं. ८ ऑगस्ट १९१०ला पोप दहावे पायस यांच्या काळातल्या हुकूमनाम्याने हे वय साधारण सातवर आणलं. मुलाला सगळं धर्मशास्त्र कळायची गरज नाही. ही भाकर रोजच्या भाकरीसारखी नाही एवढं कळलं तरी चालेल, असा त्याचा रोख होता. त्यामुळे ही तयारी प्राथमिक शाळेच्या वयात आली. पुस्तिका मात्र पातळ असली तरी पाठच करायची राहिली.

मित्र आता मुंबईत राहतो. त्याची मुलगी या वर्षी कम्युनियनची तयारी करतेय. पुस्तिका इंग्रजीत आहे. त्याच्या आईला सगळ्या प्रार्थना मराठीत तोंडपाठ. तिच्या आईच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये व्हायची, आणि साठच्या दशकात ती मराठीत आली तेव्हा म्हातारी म्हणे रडली होती. आता नातीचा पाठ घ्यायला बसलं की आजीला प्रश्न वाचता येत नाहीत. मित्राने मला विचारलं, तुझ्याकडे आपली जुनी पुस्तिका आहे का रे?

नव्हती. पण बरेचसे प्रश्न आठवत होते. रविवारी रात्री बसून मी ते टाइप केले आणि त्याला पाठवले, फक्त प्रश्न. उत्तरं आजी भरणार आहे.