मागच्या सीटवरचा प्रवासी

तुमच्या घरात सतरा-अठरा वर्षांचं मूल असेल, तर शुक्रवारी संध्याकाळी ते बाहेर पडताना तुम्ही एवढं नक्की बजावत असाल: "पिऊन गाडी चालवायची नाही आणि प्यायलेल्याच्या गाडीत बसायचं नाही." समजा, त्यानं हे तंतोतंत पाळलं. गाडी चालवणारा मित्र थेंबभरही प्यायलेला नाही आणि आपलं पोर दोन बिअर पिऊन मागच्या सीटवर बसलंय. गाडीचा एक टेललाइट बंद आहे, म्हणून पोलीस गाडी थांबवतात. आता अडचणीत कोण?

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत उत्तर आहे, मागच्या सीटवरचं आपलं पोर. ज्यानं शहाणपणानं स्टिअरिंगला हात लावला नाही, तोच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. हे असं का झालं, ते समजून घ्यायचं तर शंभर वर्षं मागे जावं लागेल.

अमेरिकेत दारूबंदी लागू झाली जानेवारी १९२० मध्ये. डिसेंबर १९२१ मध्ये मिशिगनमधल्या डेट्रॉइट-ग्रँड रॅपिड्स रस्त्यावर दारूबंदी अधिकाऱ्यांनी जॉर्ज कॅरोल नावाच्या माणसाची ओल्ड्समोबाइल गाडी अडवली. सीटचं अस्तर फाडल्यावर आत व्हिस्की आणि जिनच्या ६८ बाटल्या निघाल्या. झडतीचं वॉरंट नव्हतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९२५ मध्ये निकाल लागला: घर जागचं हलत नाही, गाडी मात्र वॉरंट आणेपर्यंत पसार होते, तेव्हा सबळ कारण असेल तर वॉरंटशिवाय गाडीची झडती घेता येईल. डिसेंबर १९३३ मध्ये दारूबंदी गेली, पण तिच्या पोटी जन्मलेला हा नियम राहिला. आजही पोलीस गाडीची झडती घेतात, तेव्हा अनेकदा त्याच्याच आधारे.

दारूबंदी उठवणाऱ्या एकविसाव्या घटनादुरुस्तीनं दारूचा कारभार राज्यांच्या हाती दिला. बहुतेक राज्यांनी पिण्याचं वय २१ ठरवलं, कारण मतदानाचं वयही तेव्हा २१ होतं. १९७१ मध्ये मतदानाचं वय १८ वर आलं. व्हिएतनामच्या युद्धावर जायला जो मोठा, तो बिअर प्यायला लहान कसा, हा प्रश्न बिनतोड होता. १९७० ते १९७५ या काळात २९ राज्यांनी पिण्याचं वय खाली आणलं.

पण सगळ्यांनी सारखं आणलं नाही. एका राज्यात १८, शेजारच्यात २१. मग पोरं हद्द ओलांडून प्यायला जायची आणि रात्री गाडी चालवत परत यायची. अशा हद्दींना 'ब्लड बॉर्डर्स' हे नाव पडलं, यावरून काय होत होतं ते कळतं.

मे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात कँडेस लाइटनर यांची तेरा वर्षांची मुलगी कॅरी रस्त्यानं चालली असताना दारू प्यायलेल्या ड्रायव्हरनं तिला उडवलं. त्याच वर्षी या आईनं 'मदर्स अगेन्स्ट ड्रंक ड्रायव्हर्स' म्हणजे 'मॅड' ही संघटना उभी केली. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. तो ड्रायव्हर कुणी कोवळा पोरगा नव्हता. चाळिशी ओलांडलेला होता आणि अशाच गुन्ह्यांत आधीही पकडला गेलेला होता. पण त्या संतापातून जे मोठे कायदे आले, त्यातला सर्वांत गाजलेला कायदा विशीच्या आतल्यांसाठी होता.

१७ जुलै १९८४ रोजी रेगन यांनी त्यावर सही केली. दारूचा विषय राज्यांचा, त्यामुळे वॉशिंग्टनला थेट हुकूम सोडता येईना. म्हणून नाक दाबलं ते पैशांनी: २१ चं वय न लावणाऱ्या राज्याच्या हायवे-निधीतून पहिल्या वर्षी ५ टक्के आणि पुढे १० टक्के कापणार. साउथ डकोटा कोर्टात गेलं. तिथं एकोणीस वर्षांच्या मुलांना सौम्य बिअर विकत घेता येत असे. १९८७ मध्ये ते राज्य ७ विरुद्ध २ मतांनी हरलं. १९८८ मध्ये वायोमिंगनंही वय वाढवलं आणि सगळी राज्यं एका ओळीत आली.

गंमत म्हणजे या केंद्रीय कायद्याचा रोख 'पिण्यावर' नाहीच. विकत घेणं आणि सार्वजनिक ठिकाणी जवळ बाळगणं, एवढंच त्यात आहे. बाकीचं राज्यांनी आपापल्या परीनं भरलं. विस्कॉन्सिन आणि टेक्सासमध्ये आईवडिलांसमोर मुलाला पिता येतं. अनेक राज्यांत मात्र दारू पोटात असणंही गुन्हा आहे.

आता १९८८ सालीच दुसरं काय घडलं पहा. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य विद्यालयानं 'डेझिग्नेटेड ड्रायव्हर'ची मोहीम सुरू केली. एकानं प्यायची नाही, त्यानंच सगळ्यांना घरी सोडायचं. 'चिअर्स'सारख्या लोकप्रिय टीव्ही मालिकांतूनही हा संदेश गेला आणि तो शब्द घरोघरी पोचला. म्हणजे एकाच वर्षी या देशानं तरुणांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली: एकवीसच्या आत दारूला शिवायचं नाही. दुसरी: प्यायलात तर मागे बसा. अठरा ते वीस वयाच्या मुलासाठी दुसरी गोष्ट पाळणं म्हणजे पहिली मोडल्याचा पुरावा सोबत घेऊन फिरणं.

आणि मागे बसणाऱ्याला हक्क तरी किती? रस्त्यात उगाच कुणालाही थांबवता येणार नाही, असं न्यायालयानं १९७९ मध्ये सांगितलं. पण थांबवल्यावर प्रवाशांनाही खाली उतरायला लावता येतं (१९९७). गाडीच्या झडतीला सबळ कारण असेल, तर प्रवाशाची पर्सही उघडता येते (१९९९). गाडीत माल सापडला आणि कुणीच 'माझा' म्हणालं नाही, तर तिघांनाही पकडता येतं (२००३). ते प्रकरण मेरीलँडमधलं आणि कोकेनचं होतं, पण सीटखालच्या बिअरच्या कॅनलाही हाच तर्क लागू शकतो. प्रवाशाच्या बाजूचा ठळक निकाल यायला २००७ उजाडलं: गाडी अडवली की प्रवासीही अडवला जातो, म्हणून ती बेकायदा अडवली असेल तर तोही दाद मागू शकतो. आणि २०१५ मध्ये ठरलं, की ज्या कामासाठी गाडी थांबवली ते संपलं, की संशयाला आधार नसताना थांबवून ठेवता येत नाही. पण गाडीत दारूचा वास आला, की हा आधार बऱ्याचदा मिळून जातो.

आपल्या पिढीला हे सगळं गांभीर्यानं घेणं जड जातं, त्याचं कारणही इतिहासात आहे. आपण १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या छायेत वाढलो. तो महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, प्यायला परवाना लागतो, कडक दारूसाठी वय २५ लागतं. पण 'परमिट रूम'मध्ये बसलेल्या किती जणांनी ते परमिट कधी हातात धरलंय? दारूचा कायदा कागदावर असतो, ही आपली नकळत झालेली समजूत. इथं तो कागदावरून थेट मुलाच्या लायसन्सवर उतरतो. गाडी चालवत नसतानाही दारूपायी लायसन्स निलंबित करणारी अनेक राज्यं आहेत. मूल नागरिक नसेल, तर व्हिसाच्या आणि नागरिकत्वाच्या अर्जात 'कधी अटक झाली होती का' हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं भेटतो.

म्हणून २१ चा कायदा चुकीचा, असं मी म्हणत नाही. केंद्रीय वाहतूक सुरक्षा खात्याच्या अंदाजानुसार या वयोमर्यादेनं १९७५ पासून ३० हजारांहून अधिक जीव वाचवले. पण ज्या मुलाला पोलिसांची धास्ती मृत्यूपेक्षा मोठी वाटते, ते मूल मित्र बेशुद्ध पडला तरी ९११ ला फोन करत नाही. हे ओळखून बहुतेक राज्यांनी मदत मागणाऱ्याला सूट देणारे कायदे केले. तुमच्या राज्यात ती सूट कितपत आहे, हे आज रात्री जेवताना मुलांसोबत बसून शोधा.

आणि नेहमीच्या दोन सूचनांना आणखी दोन जोडा. पोलिसांनी थांबवलं तर हात दिसतील असे ठेव, वयाबद्दल खोटं बोलू नकोस, खोटं आयडी दाखवू नकोस, आणि झडतीची परवानगी विचारली तर नम्रपणे 'नाही' म्हणता येतं. दुसरी याहून महत्त्वाची: रात्री दोन वाजले तरी फोन कर. मी येते किंवा बाबा येतील. काय झालं ते सकाळी विचारू.