हरिपुऱ्याचा ठराव आणि दिल्लीचे केंद्र

सुरत म्हटले की मराठी माणसाला शिवाजी महाराजांची स्वारी आठवते, आणि सुरतेची काँग्रेस म्हटले की १९०७ साली भर मंडपात फेकला गेलेला जोडा आठवतो. आज मी ज्या अधिवेशनाविषयी बोलणार आहे तेही याच जिल्ह्यातले. परंतु आपल्याकडे त्याची आठवण फारशी निघत नाही. फेब्रुवारी १९३८ मध्ये तापीकाठच्या हरिपुरा या खेड्यात विठ्ठलनगर वसवून काँग्रेसचे एक्कावन्नावे अधिवेशन भरले. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांची मिरवणूक एक्कावन्न बैलांच्या रथातून निघाली, नंदलाल बोसांनी मंडपासाठी चित्रे रंगविली. या थाटामाटाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. तेथे जो संघराज्याचा ठराव झाला, तो मात्र बहुतेक वर्णनांत एका ओळीत आटोपलेला असतो.

हा ठराव १९३५ च्या कायद्यातील संघराज्याविरुद्ध होता. त्या योजनेत कनिष्ठ सभागृहाच्या ३७५ जागांपैकी १२५ आणि वरिष्ठ सभागृहाच्या २६० पैकी १०४ जागा संस्थानांना दिलेल्या होत्या. संस्थानी प्रजा देशाच्या लोकसंख्येच्या सुमारे चौथाई. आणि या जागा त्या प्रजेच्या नव्हेत, तर तिच्या राजांच्या! प्रतिनिधी निवडायचा तो संस्थानिकाने. हरिपुऱ्याने संघराज्याची कल्पना त्याज्य ठरविली नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ठरावाचा आशय असा होता की, खरे संघराज्य स्वतंत्र घटकांचेच होऊ शकते; त्या घटकांत नागरिक-स्वातंत्र्याचे प्रमाण साधारण सारखे हवे, आणि त्यांचे प्रतिनिधी निवडणुकीने आलेले हवेत.

हे सांगायला सुरत जिल्ह्याइतकी योग्य जागा क्वचितच सापडली असती. सुरतेहून दक्षिणेला आगगाडीत बसले की थोड्याच वेळात सचीन लागे. आज ते शहराचे उपनगरच झाले आहे, पण तेव्हा तेथे सिद्दी नबाबाचे राज्य होते. पुढे नवसारी, ती बडोद्याची. बारडोलीच्या वाटेवरचा पलसाणा तालुकाही बडोद्याचाच. आग्नेयेस वांसदा आणि धरमपूर ही राजपूत संस्थाने. म्हणजे एका दिवसाच्या प्रवासात माणूस तीन-चार सरकारांच्या हद्दी ओलांडी. त्यांपैकी एका ठिकाणी त्याला मत होते, तर शेजारच्या गावी हुकूम तेवढा होता. ‘स्वतंत्र घटक’ म्हणजे काय, हे येथल्या शेतकऱ्याला पुस्तकातून शिकण्याची गरज नव्हती.

सुभाषबाबूंच्या अध्यक्षीय भाषणात दोन्ही सूर एकत्र आढळतात. स्वतंत्र भारताला बलवान मध्यवर्ती सरकारने एकत्र ठेवावे, असे ते म्हणाले; आणि प्रांतांना व अल्पसंख्य समाजांना संस्कृतीच्या व कारभाराच्या बाबतीत भरपूर स्वायत्तता देऊन निश्चिंत करावे, असेही म्हणाले. पुढच्या बारा वर्षांत या दोहोंपैकी पहिला सूर वरचढ होत गेला.

युद्ध सुरू होताच, सप्टेंबर १९३९ मध्ये, ती संघराज्य योजना बाजूला पडली. १६ मे १९४६ रोजी त्रिमंत्री शिष्टमंडळाने नवी योजना मांडली. तिच्यात केंद्राकडे परराष्ट्रव्यवहार, संरक्षण आणि दळणवळण एवढीच खाती ठेवून बाकी सर्व काही प्रांतांकडे दिले होते. त्याच चौकटीत घटना समिती ९ डिसेंबर १९४६ रोजी बसली आणि चार दिवसांनी पंडित नेहरूंनी उद्दिष्टांचा ठराव मांडला. भारताचे घटक स्वायत्त राहतील आणि शेषाधिकार, म्हणजे कोणत्याही यादीत न आलेले अधिकार, त्यांच्याकडेच राहतील, असे वचन त्यात स्पष्ट शब्दांत होते. मुस्लिम लीग आणि संस्थाने सभेत यावयाची आहेत, तेव्हा ठराव लांबणीवर टाकावा, अशी उपसूचना बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी आणली. सभागृह त्यांच्यावर नाराज झाले खरे, परंतु ठराव संमत झाला तो २२ जानेवारी १९४७ रोजी. याच चर्चेत १७ डिसेंबरला डॉ. आंबेडकर बोलले. आपल्याला १९३५ च्या कायद्यातल्याहून कितीतरी अधिक बळकट केंद्र हवे आहे, असे त्यांनी उघड सांगितले. ते त्या वेळी काँग्रेसबाहेरचे सभासद होते. पुढे जे घडायचे होते ते त्यांनी आधीच बोलून दाखविले.

मग जून आला. ३ जून १९४७ ला फाळणीची योजना जाहीर झाली आणि अवघ्या तीन दिवसांनी घटना समितीच्या एका उपसमितीने बळकट केंद्राचे संघराज्य असा तात्पुरता निर्णय घेतला. ५ जुलैच्या अहवालात नेहरूंच्या अध्यक्षतेखालील समितीने कारण दिले: आता फाळणी ठरली आहे, तेव्हा शांतता राखू न शकणारे दुबळे केंद्र देशाला अपायकारक होईल. शेषाधिकार केंद्राकडे गेले. जानेवारीतले वचन जुलैत उरले नाही. त्यासाठी ना कोणी बंड केले, ना कोणी घटना मोडली. ज्या तडजोडीसाठी ते वचन दिले होते, ती तडजोडच संपली होती.

तथापि सगळे फाळणीवर ढकलणे मला बरोबर वाटत नाही. १९३५ च्या कायद्याचे यंत्र दिल्लीत तयार उभे होते, आणि राज्य हाती आल्यावर तयार यंत्र मोडून टाकणारे विरळा. शिवाय दुबळ्या केंद्राचे परिणाम या देशाने पाहिले होते. याच सुरतेचे पाहा. शहराच्या उत्पन्नावर पेशवे आणि गायकवाड या दोघांचाही चौथाईचा हक्क होता. १८०० साली इंग्रजांनी नबाबाकडून शहराचा कारभार काढून घेतला. त्याच सुमारास गायकवाडांनी आपला हक्क सोडला आणि १८०२ च्या वसईच्या तहात पेशव्यांनीही सोडला. प्रत्येकाने वेगळा करार केला आणि इंग्रजांनी एकेकाशी वेगळा हिशेब मिटविला.

नव्या केंद्राचा पहिला हात येथे १९४८ साली दिसला. त्या वर्षी सचीन, वांसदा, धरमपूर मुंबई प्रांतात विलीन झाली, आणि १ मे १९४९ रोजी बडोदेही आले. हरिपुऱ्याने मागितलेली समानता दहा-अकरा वर्षांत मिळाली. ती घटकांनी एकमेकांशी करार करून मिळविली नाही, घटकच विरघळल्याने मिळाली, एवढे मात्र खरे.

२६ जानेवारी १९५० ला अमलात आलेल्या घटनेत केंद्राच्या यादीत ९७ विषय होते, राज्यांच्या यादीत ६६ आणि सामायिक यादीत ४७. आणीबाणीच्या कलमांवर मध्य प्रांत-वऱ्हाडचे सभासद हरि विष्णू कामत यांनी जर्मनीतील वायमार घटनेचा दाखला देऊन कडाडून टीका केली होती. राज्य सरकार दूर सारण्याचे कलम मृतवत राहील, अशी आशा डॉ. आंबेडकरांनी व्यक्त केली. ते कलम १९५१ मध्येच पंजाबात वापरले गेले. गुजरातनेही १९७१, १९७४ आणि १९७६ साली राष्ट्रपती राजवट पाहिली. न्यायालयाने १९९४ च्या बोम्मई निकालात त्या अधिकाराला आवर घातला, तोवर चार तपे उलटत आली होती.

मला मात्र वर्गात शिकविताना याहूनही महत्त्वाचे वाटते ते तिसरे कलम. अमेरिकेच्या घटनेप्रमाणे एखादे राज्य तोडून नवे करायचे तर त्या राज्याच्या विधिमंडळाची संमती लागते. आपल्याकडे विधिमंडळाचे मत विचारावे लागते, एवढेच. ते मानण्याचे बंधन संसदेवर नाही. मुले विचारतात, मग विचारायचे तरी कशाला? उत्तर देणे सोपे नाही.

१९५६ साली याची प्रचीती आली. महाराष्ट्र, गुजरात आणि केंद्रशासित मुंबई अशा तीन भागांच्या विधेयकावर मुंबई विधिमंडळाने मत दिले होते. ऑगस्टमध्ये संसदेने ते बदलून सर्वांचे एक विशाल द्वैभाषिक राज्य केले. या नव्या स्वरूपावर विधिमंडळाला कोणी विचारले नाही. बाबुलाल पराते न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९५९ च्या निकालात सांगितले की, विधेयकात दुरुस्ती झाली म्हणून पुन्हा विचारण्याची आवश्यकता नाही. मराठी माणसाला हे कलम त्या वेळी अन्यायाचे हत्यार वाटले असल्यास नवल नाही. पण त्याच कलमाखाली १९६० चा मुंबई पुनर्रचना कायदा झाला आणि १ मे रोजी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले. ज्या हाताने १९५६ साली बांधले, त्याच हाताने १९६० साली सोडविले. अमेरिकेसारखी संमतीची अट असती तर द्वैभाषिक तसे लादले गेले नसते, हे खरे. आणि एकदा झालेले मोडणेही कठीण गेले असते, हेही तितकेच खरे.

त्याच कायद्याने सुरत जिल्ह्याची हद्दही सरकली. ठाणे जिल्ह्यातील उंबरगावकडची गावे आणि पश्चिम खानदेशच्या नवापूर-नंदुरबार भागातील काही गावे नावानिशी गुजरातेत गेली. डांगही गुजरातेत गेला, आणि त्याची खंत महाराष्ट्रात पुष्कळ दिवस राहिली. उंबरगावच्या घरांतून मराठी बोलणारे लोक एका सकाळी दुसऱ्या राज्याचे नागरिक झाले. बेळगावकरांनी तर तीच रेघ सरकावी म्हणून वर्षानुवर्षे संसदेकडे डोळे लावले. तेथे ती सरकली नाही, आणि २००४ साली महाराष्ट्र सरकारने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला.