यमनचे सात स्वर, एकाच वेळी

गोरेगावच्या फिल्मिस्तानचा ‘शहनाई’ १९४७चा. संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांचं. ‘अलबेला’त (१९५१) त्यांच्या सोबतीला ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट होते, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव बार्देशातलं हळदोणे.

गोव्यात चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेली ही माणसं मुंबईत रात्री हॉटेलात जाझ वाजवत, दिवसा स्टुडिओत येत. संगीतकार पेटीवर चाल देई. तिच्याखाली कोणते स्वर उभे करायचे, हे अरेंजर कागदावर मांडत. फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात बँड चालवणारे सेबास्टियन डिसूझा पुढे शंकर-जयकिशन यांचे अरेंजर झाले.

मेजर कॉर्ड म्हणजे सा ग प. जाझवाले तिथे थांबत नाहीत, एकाआड एक स्वर चढवत जातात. शुद्ध नि आला की मेजर सेव्हन्थ, वरच्या सप्तकातला रे आला की नाइन्थ. पुढचा मध्यम शुद्ध घेतला तर गंधाराशी खटकतो, म्हणून बहुधा तीव्र घेतात. शेवटी ध, थर्टीन्थ. आता हे सातही ओळीने लावा: सा रे ग, तीव्र म, प ध नि. हा तर यमन!

बोरिवलीच्या घरी पेटीवर हे लक्षात आलं तेव्हा हसूच आलं. एक हात भात्यावर. उरली पाच बोटं, आणि स्वर सात. अरेंजरला ती अडचण नव्हती, त्यांच्याकडे चेलो, व्हायोलिनं, अ‍ॅकॉर्डियन होतं. शिवाय जाझचा पियानिस्ट सा आणि प पुष्कळदा सोडूनच देतो. सा बेसवाला सांभाळतो. यमनच्या आरोहात गवईही ‘नि रे ग’ असा सा टाळून चढतो, पुढे पंचमही ओलांडतो, कारण तानपुरा मागे आहेच. एकाने दुसऱ्याकडून उचललं, असं मी म्हणत नाही.

फरकही मोठा आहे. रागात स्वर कोणामागून कोण येतो, यालाच महत्त्व. सगळे आधीच खाली वाजू लागले, तर गाणाऱ्याचा तीव्र मध्यम येतो तेव्हा काय उरतं? म्हणून काय गाळायचं, हे अरेंजरचं खरं काम. ते ऐकू येत नाही, आणि पोस्टरवर त्यांचं नावही नसे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस या प्रश्नाशी चित्रपटाबाहेरही झुंजले. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर वाद्यवृंदरचना लिहिल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले. त्यांचे व्हायोलिनचे शिष्य प्यारेलाल यांनी १९७७च्या ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यात गुरूंचं नाव आणलं. देशभर ते तोंडी झालं, पण बहुतेकांना ते पडद्यावरच्या पात्राचंच वाटलं. गोन्साल्विस २०१२ साली गोव्यात वारले.