सुईवरचा नंबर आला कुठून?

आज आपण एका अगदी साध्या वस्तूचा इतिहास बघणार आहोत: लोकरीच्या विणकामाची सुई. ज्यांना विणायला शिकायचंय त्यांनी दुकानात जायच्या आधी हा भाग जरूर ऐका. कारण या इतिहासापायी आमच्या घरातला एक अख्खा स्वेटर उसवावा लागला.

तर झालं असं. माझ्या आईची विणकामाची एक वही आहे. घरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या टोपड्याचं, मोज्यांचं, स्वेटरचं माप त्यात टिपलेलं आहे. आई आता नाही. माझी भाची न्यू जर्सीला असते. तिला दिवस गेले तेव्हा तिने ठरवलं, बाळाचा पहिला स्वेटर आजीच्या वहीतला विणायचा. मी पानाचा फोटो पाठवला. आईने लिहिलं होतं, 'बॉर्डर १० नंबरवर, अंग ८ नंबरवर.' भाचीने तिकडच्या दुकानातून १० आणि ८ नंबरच्या सुया आणल्या. पंधरा दिवसांनी तिचा फोन, "मावशी, अगं बॉर्डर झालरीसारखी पसरलीय. आणि हा स्वेटर बाळाला काय, तीन वर्षांच्या मुलाला होईल!"

तिने वहीबरहुकूमच केलं होतं. मग चुकलं कोण?

हे समजायला थोडं मागे जाऊ. हॅम्बुर्गच्या कलासंग्रहालयात साधारण १४०० सालचं एक चित्र आहे, मास्टर बर्ट्राम या चित्रकाराच्या नावावर असलेलं. त्यात मेरी बसून चार सुयांवर बाळ येशूचा अंगरखा विणतेय. म्हणजे युरोपात तेव्हा हे काम चांगलंच मुरलेलं होतं. पण त्या सुयांना नंबर लागत नव्हता. मुलगी आईशेजारी बसून शिकायची. सुई हातात धरून, टाका डोळ्यांनी बघून जाडी कळायची. सुया कधी हाडाच्या, कधी लाकडाच्या, कधी तारेच्या.

नंबराची गरज पडली ती छापील पुस्तकांमुळे. १८४० च्या सुमारास ब्रिटनमध्ये विणकामाची पुस्तकं धडाधड निघू लागली. एडिंबराच्या जेन गॉगेन यांचं पुस्तक १८४० चं, लंडनच्या फ्रान्सिस लॅम्बर्ट यांचं १८४३ चं. आता शिकवणारी एका गावात आणि शिकणारी दुसऱ्या. 'मध्यम जाडीची सुई घ्या' असं लिहून भागेना. लॅम्बर्टबाईंनी भोकं पाडलेलं एक मापकच पुढे आणलं. सुई कुठल्या भोकात बरोबर बसते ते बघायचं आणि नंबर वाचायचा. पुढे अशी घंटेच्या आकाराची छोटी मापकं ब्रिटनमधल्या बायकांच्या विणकामाच्या पेटीत असायची.

पण मापकावरचे आकडे आले कुठून? ते बायकांनी ठरवलेले नव्हते. ते तार ओढणाऱ्या कारागिरांचे होते. पोलादी सुया तारेपासून व्हायच्या. सोनाराकडे असते तशी भोकांची पोलादी पट्टी घ्यायची, त्यातून तार ओढायची, मग आणखी लहान भोकातून पुन्हा ओढायची. जितके वेळा ओढाल तितकी तार बारीक. ढोबळमानाने तोच तिचा नंबर. म्हणजे सुईवरचा आकडा जाडी सांगतच नाही, तार किती वेळा ओढली ते सांगतो! म्हणून आपल्याकडे नंबर वाढला की सुई बारीक होते.

यातही गोंधळ होताच. बर्मिंगहॅमचे नंबर वेगळे, लँकेशरचे वेगळे. शेवटी १८८४ मध्ये ब्रिटिश सरकारने तारेचं एकच प्रमाण माप लागू केलं. त्यात ८ नंबर म्हणजे ०.१६० इंच, आपल्या हिशेबात साधारण ४ मिलिमीटर. १० नंबर म्हणजे ०.१२८ इंच, म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. आज आपल्या बाजारातली ८ आणि १० नंबरची सुई मोजून बघा, हेच माप येईल.

इंग्रजांच्या काळात हे विणकाम आपल्याकडे रुजलं ते मिशनच्या शाळांमधून आणि मेमसाहेबांच्या घरांतून. त्याबरोबर नंबरही आले. गंमत म्हणजे ब्रिटनने १९७० च्या दशकात ते सोडून मिलिमीटर धरले, आपण मात्र जुनेच नंबर सांभाळून बसलोय. अमेरिकेत सगळंच उलटं. तिथे नंबर वाढला की सुई जाड होते. त्यांची ८ नंबर ५ मिलिमीटरची आणि १० नंबर ६ मिलिमीटरची.

आता भाचीचा स्वेटर आठवा. बॉर्डर घट्ट बसावी म्हणून आई ती बारीक सुईवर घालायची आणि मग अंगासाठी जाड सुई घ्यायची. भाचीच्या हातात नेमकं उलटं पडलं. बॉर्डर सगळ्यात जाड सुईवर, म्हणून झालर. आणि अंग ४ ऐवजी ५ मिलिमीटरवर, म्हणून तीन वर्षांच्या मुलाचं माप.

मग नवशिक्याने घ्यायचं काय? सगळ्यात आधी, पन्नास सुयांचा संच घेऊ नका. एकच जोडी घ्या, ४ मिलिमीटरची, म्हणजे आपली ८ नंबर, आणि मध्यम जाडीच्या, फिक्या रंगाच्या लोकरीचा एक गुंडा. काळ्या लोकरीत टाके दिसत नाहीत. अॅल्युमिनियमच्या सुईवरून टाके भराभर सरकतात, नवख्या हातातून निसटतातही. बांबूची सुई त्यांना जरा धरून ठेवते. शिवाय कात्री, टेप आणि शिवणीसाठी बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई. टाक्यांची खूण करायला वेगळं काही विकत नको, दुसऱ्या रंगाच्या धाग्याचा फास चालतो.

आणि एक गोष्ट मात्र हटकून घ्या, भोकांची मापपट्टी. जुन्या सुयांच्या डोक्यावरचा नंबर पुसलेला असतो, दोन्हीकडे टोक असलेल्या सुयांवर बहुधा तो नसतोच. आजीच्या डब्यातल्या सुया मिळाल्या तर या पट्टीशिवाय त्या मुक्याच.

एवढं करूनही आधी दहा-बारा सेंटिमीटरचा चौकोनी तुकडा विणून दहा सेंटिमीटरमधले टाके मोजा. एकाच सुईवर एकीचा हात घट्ट असतो, दुसरीचा सैल. तो फरक कुठलाच नंबर सांगत नाही.

आईच्या वहीत आता मी प्रत्येक नंबराशेजारी पेन्सिलने मिलिमीटर लिहिलेत. तिच्या काळी त्याची गरज नव्हती. वही वाचणाऱ्या सगळ्या तिच्या शेजारीच बसायच्या. भाचीने स्वेटर उसवला, सव्वातीन आणि चारच्या सुया मागवल्या आणि पुन्हा टाके घातले. या खेपेला बॉर्डर घट्ट बसली. बाळ आता चार महिन्यांचं आहे आणि स्वेटर त्याला अगदी बेताचा होतो.

तुमच्या घरी नंबर पुसलेल्या सुया असतील तर काढा, मोजा आणि लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.