घरची शाळा, पण कुणाच्या घरची?

अलीकडे आपल्यातलेच काही तरुण आईवडील विचारतात, "मुलाला शाळेत न घालता घरीच शिकवलं तर कायदा आड येतो का?" प्रश्न रास्त आहे. वर्गात आडनावावरून टोमणे ऐकून आलेलं मूल दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथे पाठवताना कुणाही आईबापाचा जीव तुटतो. पण उत्तर देण्याआधी शाळेची ही सक्ती आली कुठून, हे आपण तपासलं पाहिजे.

घरी शिकवणं या देशात मुळीच नवीन नाही. भटजीचा मुलगा घरीच पोथी शिकला, कुंभाराचा मुलगा घरीच चाक फिरवायला शिकला आणि आमची मुलं बापामागे गावकीची कामं शिकली. घर हीच शाळा आणि जात हाच अभ्यासक्रम! ही साखळी तोडायची तर मूल घराबाहेर, सगळ्यांच्या शाळेत यायला हवं, हे सर्वांत आधी ओळखलं ते जोतीराव फुल्यांनी. 1882 मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. सयाजीराव गायकवाडांनी 1906 मध्ये बडोदा संस्थानात ही सक्ती लागू केली. गोखल्यांचं विधेयक मात्र 1912 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. 1917 मध्ये शाहू महाराजांनी करवीर संस्थानात सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. पाठोपाठ 1919 मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळाही बंद करून सर्वांना एकत्र बसवलं.

साताऱ्याच्या शाळेत वेगळं, गोणपाटावर बसलेले बाबासाहेब हा अपमान विसरले नव्हते. तरीही "शाळा नको, घर बरं" असं त्यांनी कधी म्हटलं नाही. 1927 मध्ये मुंबई कायदेमंडळात त्यांनी सरकारचा हिशेबच मांडला: शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करता आणि दारूच्या करातून माणशी दोन रुपयांहून अधिक वसूल करता!

सर्वांत महत्त्वाचा प्रसंग 23 नोव्हेंबर 1948 चा. संविधान सभेत मसुद्यातल्या 'शिक्षण' या शब्दाऐवजी 'प्राथमिक शिक्षण' घाला, अशी दुरुस्ती आली. बाबासाहेबांनी ती नाकारली. त्यांचा युक्तिवाद असा होता की, चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला आपण बंदी करत आहोत, मग तेवढ्या वयापर्यंत ते कुठल्यातरी शिक्षणसंस्थेत असलंच पाहिजे. म्हणजे शाळेची सक्ती आणि बालमजुरीची बंदी ही एकाच कायद्याची दोन टोकं आहेत.

संविधानाने त्यासाठी दहा वर्षांची मुदत दिली होती. प्रत्यक्षात कलम 21 क यायला 2002 उजाडलं आणि शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 ला लागू झाला. त्याच्या कलम 10 नुसार 6 ते 14 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे. पण ते न केल्यास शिक्षा काय, हे कायदा सांगत नाही. होमस्कूलिंगचा तर त्यात उल्लेखच नाही. त्यामुळे नोंदणी नाही, तपासणी नाही, परीक्षाही नाही. पुढे दहावीसाठी मुक्त विद्यालय किंवा आपल्या मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म, असे मार्ग आहेत. घरी शिकलेल्या मुलाला पुन्हा शाळेत यायचं असेल तर कलम 4 नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे.

कायद्याचं हे मौन कुणाला परवडतं? ज्या घरात पुस्तकं आहेत, इंग्रजी आहे, शिकवायला मोकळा वेळ आहे, त्या घराला. वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीवरच्या घराला नाही. त्यात 2016 च्या दुरुस्तीने बालमजुरीच्या कायद्यात सूट दिली: धोकादायक नसलेल्या घरच्या धंद्यात मूल शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत मदत करू शकतं. आता सांगा, शाळाच घरी असेल तर शाळेची वेळ संपते कधी? त्या मुलीच्या हातातलं लाटणं हा अभ्यास आहे की काम, हे कोण ठरवणार?

अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. टेक्सासमध्ये पालकाने सरकारला कळवण्याचीही गरज नाही. न्यूयॉर्कमध्ये मात्र आधी सूचना, शिकवण्याचा आराखडा, दर तिमाहीचा अहवाल आणि वर्षाअखेर मूल्यमापन द्यावं लागतं. म्हणजे पालकांना मोकळीक देऊनही मुलावर लक्ष ठेवता येतं.

आपली मागणी हीच असली पाहिजे. कलम 9 नुसार आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे स्थानिक प्राधिकरणाचं काम आहेच. त्या नोंदीत घरी शिकणाऱ्या मुलांचा वेगळा रकाना हवा आणि वर्षातून एकदा त्या मुलाची भेट हवी. कमी पटाची शाळा बंद करून उद्या कुणी आपल्याला "घरीच शिकवा" म्हणू नये, यासाठीही हा रकाना लागेल.

आणि जातीच्या टोमण्यांचं काय? कलम 8 दुर्बल घटकांच्या मुलांशी होणारा भेदभाव रोखायची जबाबदारी सरकारवर टाकतं. कलम 17 मुलाच्या मानसिक छळाला बंदी घालतं. तेव्हा आईबापांनो, लेखी तक्रार करा. कार्यकर्त्यांनो, त्यांच्यासोबत शाळेत जा. शाहू महाराजांनी आपल्या मुलांसाठी उघडलेलं दार आपण आतून बंद करायचं नाही.

जय भीम!