ताईच्या आडनावातली आडवी रेघ

मागच्या महिन्यात बाबांच्या शेताची वारस नोंद करायला ताईला घेऊन एका कार्यालयात गेलो होतो. ताईच्या शाळेच्या दाखल्यावर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं आणि बँकेच्या पासबुकावर दोन्ही, मधे आडवी रेघ. टेबलामागच्या साहेबांनी तिन्ही कागद पाहिले आणि म्हणाले, "या तिन्ही बाया एकच आहेत, असं प्रतिज्ञापत्र आणा."

बाहेर टपरीवर चहा घेताना मीच चिडून म्हटलं, "ताई, कशाला जोडून ठेवले ते दोन दोन आडनाव?"

ताई म्हणाली, "काऊन रे, तुह्या नावातल्या पाटलाचा कागद कोनी मांगला का?"

मी गप्प. कारण पाटील हे आमचं मूळ आडनाव नाहीच. पणजोबांकडे गावची पाटीलकी होती, म्हणून ते मागे लागलं. म्हणजे माझंही आडनाव दुहेरीच. पण आजवर मला कोणी काही विचारलं नाही.

आपल्याकडे पुरुषांची जोडआडनावं काही आजची नाहीत. विखे-पाटील, मोहिते-पाटील, वळसे-पाटील ही नावं रोज पेपरात वाचतो. यात पहिलं कुळाचं, दुसरं वतनाचं. कधी कधी तर हुद्द्यानं मूळ आडनाव गिळूनच टाकलं. नाना फडणवीसांचं घराणं मुळात भानू, पेशव्यांचं भट, रास्त्यांचं गोखले. आपल्या वऱ्हाडातले देशमुख-देशपांडे हेही परगण्याचे हुद्दे. १९६२ च्या कायद्यानं महसुली पाटलाचं पद गेलं, आडनाव मात्र राहिलं. पद गेलं तरी नाव का ठेवलं, असं कोणी विचारत नाही.

आता बायकांचं बघा. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचंही माहेरचं नाव यमुना. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. लग्नात आडनावच काय, पहिलं नावही बदललं. उलट आपल्या शेजारच्या सिंदखेडराजाच्या जिजाऊ बघा. भोसल्यांच्या घरात गेल्या, पण लखुजीराव जाधवांची लेक ही त्यांची ओळख चारशे वर्षांत पुसली गेली नाही. माहेर विसरायचीच परंपरा आहे, असं म्हणणाऱ्यांनी एकदा सिंदखेडराजाला जाऊन यावं.

जगात काय चालतं? स्पेनमध्ये लेकराला बापाचं आणि आईचं अशी दोन्ही आडनावं मिळतात, आणि लग्नानंतर बाई आपलं आडनाव बदलत नाही. लेखक गार्सिया मार्केझ यांचं गार्सिया वडिलांकडचं, मार्केझ आईकडचं. इंग्लंडात जोडआडनाव बऱ्याचदा इस्टेटीपायी आलं. घराण्यात मुलगीच वारस असली, की मृत्युपत्रात अट असायची : इस्टेट हवी तर आमचं नाव पुढं चालवा. मग जावईही मुकाट्यानं नाव लावायचा! फ्रान्समध्ये मेरी क्युरींची मुलगी इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ यांनी १९२६ साली लग्न केलं, आणि पुढं दोघंही जोलिओ-क्युरी हे नाव लावू लागले. १९३५ चं रसायनशास्त्राचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. बायकोचं आडनाव लावून त्यांचं काही बिघडलं नाही.

आपल्या सरकारनं २०२४ मध्ये एक चांगला निर्णय घेतला. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या लेकरांच्या नावात आधी त्याचं स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव. आईचं नाव आलं, याचा आनंदच आहे. पण विवाहित बाईच्या नावापुढं नवऱ्याचं नाव आणि आडनाव ही पद्धत तशीच ठेवली. खरं तर लग्नानंतर बाईनं आडनाव बदललंच पाहिजे, असा कायदा आपल्या देशात नाही.

हे सगळं लिहायचं कारण नुसती हौस नाही. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. महाराष्ट्रानं तर १९९४ मध्येच त्या दिशेनं पाऊल टाकलं होतं. पण हक्क कायद्यात असला तरी तो कागदावरच्या नावानंच मिळतो. नाव जुळत नाही, चकरा वाढतात, भाऊ कुरकुरतो, आणि मग बहीण म्हणते, "जाऊ दे, हक्कसोड लिहून देते." त्या दिवशी टपरीवर मीही तोच कुरकुरणारा भाऊ होतो, हे कबूल करतो.

प्रतिज्ञापत्र आम्ही केलं. त्यावर ताईनं सही केली, दोन्ही आडनावांनी, मधल्या रेघेसकट.

वाशीमकरांनो, आज घरी गेलात की आपल्या बहिणीचे, लेकीचे कागद काढून बघा. नावं जुळत नसतील तर आत्ताच दुरुस्त करून घ्या, बाप गेल्यावर नाही. आणि तिला दोन्ही आडनावं ठेवायची असतील, तर ठेवू द्या. आपण नाही का पाटीलकी गेल्यावरही पाटील लावून फिरत!