बालवर्गांतील विसांवा, खाऊ आणि खेळ



महोत्सवाच्या स्मरणिकेंत चर्चची इमारत कोणीं उभारली, घंटा केव्हां टांगली आणि कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, याचा वृत्तांत देण्याची आपली चाल आहे, व ती योग्यच आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानानें फार लहान दिसेल. तीन ते सहा वर्षांच्या मुलांच्या शाळेंत विसांवा, खाऊ व खेळ यांना स्थान कसें मिळालें, त्याचा हा अल्पसा इतिहास होय. परंतु अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कोणत्याहि उपनगरांत बालवर्ग सुटण्याच्या वेळीं फाटकापाशीं क्षणभर उभें राहावें. "आज काय लिहिलेंस?" हा प्रश्न तेथें पदोपदीं ऐकूं येतो, "आज काय खेळलास?" असें विचारणारे आईबाप विरळा. पहिल्या प्रश्नाची धास्ती शाळेनें घेतली कीं खेळाची घटका आंखडते, विसांव्याची चटई गुंडाळली जाते, आणि खाऊचा डबा पांच मिनिटांत उरकावा लागतो. म्हणून हा इतिहास सांगणें अगत्याचें वाटतें.

आपल्या साष्टींतील जुन्या गांवठाणांत बालवर्ग नव्हता, ओटी होती. आई शेतांत किंवा बाजारांत गेली म्हणजे आजीनें नातवंडांना सांभाळावें, पेज पाजावी, ऊन चढल्यावर चटईवर निजवावें, आणि उन्हें कलल्यावर तींच मुलें अंगणांत सागरगोट्यांत व लगोरींत रमावीं, असा तो क्रम होता. त्याला कोणीं शिक्षण म्हटलें नाहीं. पण मूल बोलावयास, वाटून खावयास आणि हरावयास तेथेंच शिकलें. पुढें गिरण्या आल्या, रेल्वे आली, कचेऱ्या आल्या. कुटुंबें चाळींतून व लहान खोल्यांतून राहूं लागलीं आणि ओटी हरपली. तेव्हां ओटीचें काम कोणीं करावें, हा प्रश्न उभा राहिला.

हाच प्रश्न युरोपांत आधीं उत्पन्न झाला होता. स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्क येथील गिरणीमालक रॉबर्ट ओवेन यानें १८१६ सालीं कामगारांच्या बालकांसाठीं शाळा उघडली. एवढ्या लहान मुलांना पुस्तकांनीं त्रास देऊं नये, त्यांनीं गावें, नाचावें, उघड्यावर खेळावें, असा त्याचा आग्रह होता. त्यानंतर जर्मनींत फ्रेडरिक फ्रोबेल यानें १८३७ सालीं ब्लांकेनबुर्ग येथें बालकांसाठीं संस्था काढली व १८४० सालीं तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांचा बगीचा हें नांव दिलें. हा गृहस्थ एका पाळकाचा पुत्र. वर्षाचा होण्यापूर्वींच तो मातेस मुकला होता. खेळ हें बालवयांतील सर्वोच्च कार्य होय, असें त्याचें मत. चेंडू, ठोकळे, गाणीं आणि प्रत्येक मुलाला स्वतःच्या हातानें जोपासावयास जमिनीचा एक तुकडा, ही त्याच्या शाळेची सामग्री. प्रशियाच्या सरकारला हा बगीचासुद्धां धोक्याचा वाटला, व १८५१ सालीं त्यानें त्यावर बंदी घातली. पुढच्याच वर्षीं फ्रोबेल निवर्तला. बंदी उठली ती १८६० सालीं.

यानंतर येते आपल्याच ख्रिस्तसभेची एक कन्या, डॉक्टर मारिया माँटेसरी. ६ जानेवारी १९०७ रोजीं रोम शहरांतील सान लोरेन्झो या गरीब वस्तींत तिनें 'बालगृह' उघडलें. आईबाप कामावर गेल्यावर जिन्यांतून भटकणारीं व भिंती खराब करणारीं मुलें तेथें गोळा केलीं होतीं. तिनें आपल्या ग्रंथांत नऊ ते चार असें जें वेळापत्रक दिलें आहे, तें मनन करण्याजोगें आहे. प्रथम स्वागत व हातपाय स्वच्छ आहेत कीं नाहींत याची पाहणी, मग पाठ, पण तेहि थोड्या थोड्या विश्रांतीनें तोडलेले, नंतर व्यायाम, साडेअकरा वाजतां छोटी प्रार्थना व भोजन, पुढें एक तास स्वच्छंद खेळ व त्यानंतर शक्य तर मोकळ्या हवेंत मार्गदर्शनाखालीं खेळ. फ्रोबेल आणि माँटेसरी यांचें खेळासंबंधीं पूर्ण मतैक्य नव्हतें. मुलाला खऱ्या कामाची ओढ खेळण्यांपेक्षां अधिक असते, असें तिचें निरीक्षण होतें. परंतु भोजन वाढणें, ताटें मांडणें, टेबल पुसणें हीं कामें तिनें मुलांच्याच हातीं दिलीं. आणि अशा रीतीनें खाण्याची घटका हाच एक पाठ झाला.

तिसरें अंग, म्हणजे विसांवा, यास मान मिळाला तो लंडनमध्यें. मार्गारेट व रेचेल मॅकमिलन या भगिनींनीं १९१४ सालीं डेप्टफर्ड या दरिद्री भागांत मोकळ्या हवेंतील शिशुशाळा सुरू केली. तेथें मुलांना आंघोळ घालीत, पोटभर खावयास देत, आणि दुपारीं लहानशा खाटांवर उघड्या हवेंत निजवीत. उपाशी व पेंगुळलेल्या बालकाला शिकवूं पाहणें व्यर्थ आहे, हें त्यांनीं आजाऱ्यांच्या वस्तींत राहून ओळखलें होतें.

आतां स्वदेशाकडे वळूं. भावनगर येथें गिजुभाई बधेका यांनीं वकिली सोडून १९२० सालीं बालमंदिर काढलें. मुंबईंत जन्मलेल्या ताराबाई मोडक १९२३ सालीं त्यांना जाऊन मिळाल्या. १९२६ सालीं नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, आणि १९३६ सालीं ताराबाईंनीं दादर येथें शिशुविहार सुरू केला. १९३९ सालीं स्वतः माँटेसरीबाई मद्रासेस आल्या. पुढच्या वर्षीं इटली युद्धांत उतरल्यामुळें त्यांचे पुत्र मारिओ यांना सरकारनें आपल्या अहमदनगरच्या छावणींत स्थानबद्ध केलें होतें, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असेल.

तथापि खरी कसोटी लागली ती शहराबाहेर. १९४५ सालीं ताराबाईंनीं ठाणें जिल्ह्यांतील (हल्लींच्या पालघर जिल्ह्यांतील) बोर्डी येथें काम आरंभिलें, व अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. गरिबांचीं मुलें शाळेंत येईनात. तेव्हां या दोघींनीं शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. मुलांना न्हाऊं घालावें, नखें कापावीं, केंस विंचरावे, मग गाणें, गोष्ट व खेळ, असा क्रम ठेवला. परदेशी महागड्या साधनांच्या जागीं शंख, शिंपले, बिया व पानें आलीं. येथूनच 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. १९५७ सालीं हें कार्य कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्यें गेलें. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाहि निघाली. हरपलेली ओटी अशा रीतीनें शाळेच्या रूपानें पुन्हां अंगणांत आली!

आपल्या उपनगरांतहि या इतिहासाच्या खुणा आहेत. १९४२ सालीं अंधेरी येथें जर्मनीहून आलेल्या मदर ॲना हुबर्टा यांनीं हेल्पर्स ऑफ मेरी हा भगिनीसंघ स्थापिला व निराधार मुलांना जवळ केलें. ज्या बालकाला दुसरें घरच नाहीं, त्याची झोंप, घास आणि खेळ हीं शिक्षणाहून निराळीं कशीं काढावीं? १९४८ च्या कारखाने कायद्यानें मोठ्या कारखान्यांत स्त्री-कामगारांच्या मुलांसाठीं पाळणाघर आवश्यक ठरविलें. २ ऑक्टोबर १९७५ रोजीं देशांत ३३ ठिकाणीं एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली. त्यांत आपल्या मुंबईची धारावी होती, आणि बोर्डीचा तो 'अंगणवाडी' शब्द त्या दिवसापासून राष्ट्राचा झाला. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वयें तीन ते सहा वर्षांच्या मुलाला अंगणवाडींत सकाळचा खाऊ व गरम शिजविलेलें जेवण मिळून ५०० उष्मांक व १२ ते १५ ग्रॅम प्रथिनें मिळावीं, असें त्या वेळीं ठरविलें होतें. म्हणजे जी गोष्ट एके काळीं दयेची होती, ती आतां हक्काची झाली आहे.

मग उणें कोठें आहे? उणें आहे तें आमच्या समजुतींत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं सांगितलें कीं तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसांतून १० ते १३ तास झोंप आणि किमान तीन तास अंगाची हालचाल हवी. खोलीच्या घरांत रात्रीं उशिरां निजणारें व पहांटे उठविलेलें आमचें मूल ती झोंप कोठें पुरी करणार? अंगण नसलेल्या इमारतींत तें कोठें धांवणार? रानांत थकून मरण मागणाऱ्या एलिया संदेष्ट्याची कथा आठवा. देवदूतानें त्याला उपदेश केला नाहीं. त्याला निजूं दिलें, भाकर व पाणी दिलें, पुन्हां निजूं दिलें, पुन्हां खाऊं घातलें. आणि मग तो चाळीस दिवसांची वाट चालला. प्रौढ संदेष्ट्याला जें लागलें, तें तीन वर्षांच्या बालकाला लागणार नाहीं काय?

म्हणून या महोत्सवाच्या निमित्तानें तीन विनंत्या करितों. मातापित्यांनीं बालवर्गाची परीक्षा वहीवरून करूं नये. डब्यांत पुडींतला चटकदार पदार्थ देण्याऐवजीं केळें, भिजविलेले शेंगदाणे, उकडलेलें रताळें, घरची पोळी असें कांहीं द्यावें, व तें मुलाला बसून, शेजाऱ्याला देऊन खाऊं द्यावें. आणि ज्यांच्या हातीं शाळांचा कारभार आहे, त्यांनीं नवी खोली बांधण्यापूर्वीं सावलीचें एक अंगण व निजण्यापुरत्या चटया आहेत कीं नाहींत, हें पाहावें. चर्चची इमारत आपल्या पूर्वजांनीं उभारली. त्या इमारतींत उद्यां कोण येऊन गुडघे टेकणार, हें आज अंगणांत खेळणाऱ्या या लेंकरांवर अवलंबून आहे. परमेश्वर त्यांना सुखाची झोंप, पुरेसा घास आणि निर्भय खेळ देवो!